घोंगड्यात काय होतं

रंगाचा वास आधी आला, फलक नंतर दिसला. गिरणी चौकात वळलं की डाव्या हाताला मंडळाच्या भिंतीवर तो सिमेंटचा काळा चौकोन आहे. मी लग्न होऊन माधवनगरात आले तेव्हापासून तिथेच आहे. आज सकाळी शिकवायला बालवाडीकडे निघाले, तर तो अंगभर तेल चोपडून बसल्यासारखा चकाकत होता. काळाकुळकुळीत रंग, अजून ओला, खालच्या कडेने ओघळ भिंतीवर उतरलेले. त्याच्या वरच्या बाजूला, चुन्याच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं : पोलीस ठाण्याच्या लेखी परवानगीशिवाय या फलकावर कोणताही मजकूर लिहिण्यास सक्त मनाई आहे. मी ते वाचलं, परत वाचलं, आणि डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली पिशवी खाली ठेवावी लागली. कारण आज या फलकावर दुसरंच काहीतरी लिहिलं जायचं होतं. आज मधुकरकाका माझ्या वडिलांचा खुलासा लिहिणार होते. वर्षभर मागे लागून मिळवलेली ही सकाळ होती. काल संध्याकाळी स्वतः म्हणाले होते, 'अंजना, उद्या दुकान उघडलं की पहिलं तेच काम.' आणि रात्रीतून सरकारला जाग आली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच. पण इथे तर झोप्याआड बैलाच्या मालकालाच कोंडलं होतं.

मधुकरकाका मंडळाचे चिटणीस. चौकातच वह्या-पुस्तकांचं दुकान आहे त्यांचं, आणि फलकही तेच लिहितात. त्यांचं अक्षर असं की वाचणारा आधी अक्षराकडे बघतो आणि मग मजकुराकडे. रोज वर एक सुविचार, मधे पाण्याची वेळ, खाली कोण गेलं आणि अंत्ययात्रा कुठून निघणार. लोक पेपरवर विश्वास ठेवत नाहीत, पण या फलकावर ठेवतात. का ठेवू नये? फलकावर मेलेला माणूस कधी जिवंत निघाला नाही, आणि पाणी सहाला म्हटलं की निदान साडेसहाला यायचंच. त्याच खडूने, त्याच वळणदार अक्षरांत, पाण्याच्या वेळेच्या खाली गेल्या कार्तिकात त्यांनी लिहिलं : 'सावधान! मुले पळवणारी टोळी आपल्या भागात फिरत आहे. घोंगडी पांघरलेले, खांद्यावर झोळी असलेले अनोळखी इसम दिसल्यास त्वरित पकडावे.' मीही ते वाचलं, पाण्याची वेळ वाचावी तसं. कुठून आलं हे? मिरजेच्या मेहुण्याचा फोन. मेहुण्याला कुणी सांगितलं? त्याच्या गल्लीतल्या कुणीतरी. त्या कुणीतरीला आणखी कुणीतरी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोकांचं असतं. काकांनी उचलला खडू आणि लावला भिंतीला. फरक एवढाच की जिभेवरचं विरून जातं आणि भिंतीवरचं जाणारा-येणारा प्रत्येकजण वाचतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा कुणीतरी वाचून दाखवतो.

त्या दिवशी दुपार व्हायच्या आत बालवाडी रिकामी झाली. आया धावत आल्या, पोरं काखोटीला मारून घेऊन गेल्या. कुणाचं दप्तर राहिलं, कुणाची चप्पल. एक चिमुरडी 'खाऊ राहिला, खाऊ राहिला' करत रडत गेली. आणि त्याच वेळी तिकडे चौकात एसटीतून माझे आबा उतरत होते. आबा म्हणजे माझे वडील, भाऊसो. आटपाडीच्याही पलीकडे आमची वस्ती. पिढ्यान् पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, बागायतदार बोलावतात, त्यांच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत होतं आणि आम्हाला धान्य. त्या कार्तिकात कळप तासगावकडे आलेला आणि वाटेत एक मेंढी व्याली आणि कोकरू मागे ठेवून मेली. कळपातल्या दोन्ही शेळ्या आटलेल्या. आणि माझ्या दारातली शेळी नुकतीच व्यायलेली. आईवेगळं कोकरू शेळीला लावायचं ही आमच्यात रोजचीच गोष्ट. म्हणून आबांनी ते ओलं कोकरू घोंगड्याच्या खोळीत घातलं, थंडी लागू नये म्हणून वरून टोक ओढून घेतलं आणि लेकीच्या गावाला निघाले. कोकरू भुकेजलं की कसं ओरडतं, ते ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. तान्ह्या पोरासारखं. हुबेहूब. मी लहानपणी मेंढरांच्या वाड्यावर झोपलेली असताना आई पुष्कळदा कोकराच्या ओरडण्याने जागी होऊन माझ्या तोंडावरून हात फिरवायची.

आणि आबा काय म्हणाले असतील? मी हा विचार इतक्या वेळा केलाय की आता तो माझाच आठव वाटतो. चौकात कोकराचं ओरडणं ऐकून जमलेल्या गर्दीने विचारलं असेल, घोंगड्यात काय आहे. आबा हसले असतील. ते परक्या माणसाला कोकराबद्दल सांगताना आधी हसतातच. म्हणाले असतील, 'लेकरू हाय, आय मेली त्याची.' आमच्याकडे कोकराला लेकरूच म्हणतात, आणि आबांना वाटलं असेल घोंगडं उघडल्यावर दिसेलच की. पण घोंगडं उघडायची सवड कुणाला होती? सगळ्यांनी सकाळी वाचलं होतं. ज्याने वाचलेलं असतं त्याला बघावं लागत नाही. मला कळवायला आले तेव्हा आबा सिव्हिलमध्ये होते. डावा कान फुटलेला, उजवा खांदा निखळलेला, ओठ इतका सुजलेला की शब्द कळेनात. मी वाकले. 'कोकरू हाय का गं?' एवढंच विचारलं त्यांनी. कोकरू होतं. चौकातल्या चहावाल्याच्या बाकाखाली पळालं होतं, तिथेच सापडलं. म्हणजे पाहणाऱ्यांनी ते पाहिलं. शंभर माणसांनी पाहिलं असेल. मग गर्दी जशी जमली तशी पांगली. कुणी मारलं? कुणीच नाही. सगळे म्हणतात, मी मागे उभा होतो.

इथवर झालं ते वेड होतं असं मी एखाद्या दिवशी मानूही शकते. माणसं घाबरलेली होती, पोराबाळांची होती. पण दुसऱ्या दिवशीचं काय? दुसऱ्या दिवशी त्याच अक्षरांत फलक लागला : 'नागरिकांच्या सतर्कतेमुळे मुले पळवणारा इसम जेरबंद. मंडळातर्फे सर्वांचे हार्दिक अभिनंदन!' अभिनंदन या शब्दाखाली काकांनी दोन रेघा ओढल्या होत्या आणि कोपऱ्यात छोटं फूल काढलं होतं. ते फूल माझ्या डोळ्यापुढून जात नाही. मी दवाखान्यातून डबा न्यायला घरी येत होते. मी ओल्या पदराने तो फलक पुसला. पण तोवर एसट्या सुटल्या होत्या, सकाळच्या पाळीचे विणकर यंत्रमागावर गेले होते, दूधवाले गल्लीत फिरून आले होते. शेजारच्या बूथवर साताऱ्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. 'वहिनी, तुमच्या चौकात पोरं पळवणारा धरला म्हणे! पोरीला जप हं.' मी म्हणाले, 'वन्सं, तो माझा बाप होता. घोंगड्यात कोकरू होतं.' पलीकडून ती हळूच म्हणाली, 'असेल गं. पण विस्तवाशिवाय धूर निघत नाही म्हणतात.' माझ्या बापाच्या कानातून रक्त येत होतं आणि ही मला म्हण ऐकवत होती. मी फोन आपटला. बूथवाला म्हणाला, 'ताई, हळू, सरकारी वस्तू आहे.'

खोटं साताऱ्याला पोचलं, वाईला पोचलं, उलट्या वाटेने आटपाडीला आमच्या वस्तीवरही पोचलं. खरं मात्र चहावाल्याच्या बाकाखालून बाहेर पडलं नाही. आबा बरे होऊन गावी गेले. खांदा वर जात नाही, त्यामुळे आकडीने बाभळीचा पाला ओढता येत नाही. डाव्या बाजूने कळप आला तर कळत नाही. ते सगळं त्यांनी पोटात घातलं. पण या आषाढात कृष्णाकाठच्या बागायतदाराचा निरोप आला, ज्यांच्या रानात आमची मेंढरं माझ्या आज्यापासून बसतात त्यांचा : 'यंदा तुमचा कळप नको. आमच्या घरात लहान पोरं आहेत.' आबा माझ्याकडे आले, दाराशीच बसले, चहाला नको म्हणाले. 'अंजे, मार बसला त्येचं काय न्हाई. मार जनावरं बी खात्यात. पन आता शिवंवर हुबं करंनात. मेंढरं बसवायची कुटं? त्या फळ्यावर लिवलं हुतं न्हवं, त्यावरच पुसून लिवा म्हनावं. लोक तोच वाचत्यात.' माझ्या बापाला सही करता येत नाही. पण कुठलं औषध कुठे लावायचं ते त्याला कळतं. दिवाळीनंतर कळप निघायचा. त्याच्या आत, त्याच भिंतीवर, त्याच अक्षरांत. एवढंच मागत होते ते. कोर्ट नको, भरपाई नको.

आणि एवढ्यासाठी मला गेल्या कार्तिकापासूनच चपला झिजवाव्या लागल्या होत्या. काका आधी म्हणाले, वातावरण निवळू दे. मग म्हणाले, निवडणूक होऊ दे, उगाच कुणी राजकारण करेल. मग मंडळाच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. बैठकीत ठराव झाला तो लाउडस्पीकर घ्यायचा. 'मी काय मुद्दाम केलं का गं? ऐकलं ते लिहिलं. लोकजागृतीच होती ती,' असं म्हणताना त्यांचा आवाज खरंच कापायचा. ते वाईट माणूस नाहीत. हेच मला सहन होत नाही. वाईट असते तर निदान भांडता आलं असतं. बालवाडी मंडळाची आहे, माझी नोकरीही त्यांच्याच हाताखाली. माझा नवरा मल्हार मागावरून आला की म्हणायचा, 'आगं, सोड की आता. आबा वाचलं ह्येच लय झालं. उद्या तुला काढून टाकलं तर?' घरात सगळेच शहाणे. मूर्ख मी एकटी.

आज सकाळी ओल्या रंगासमोरून मी सरळ काकांच्या दुकानात गेले. ते शटर वर करून उदबत्ती लावत होते. 'बघितलंस ना?' तेच आधी म्हणाले. 'आता माझ्या हातात काही राहिलं नाही. गणपती तोंडावर आलेत, तिकडे कुठल्याशा गावात फलकावरून दगडफेक झाली, म्हणून सगळीकडचेच फलक बंद केलेत. मी तर म्हणतो बरंच झालं. सरकारने लक्ष घालायलाच हवं होतं.' त्यांच्या चेहऱ्यावर मी वर्षभरात न पाहिलेली गोष्ट होती. सुटका. माणूस मनाविरुद्धच्या लग्नाचं आमंत्रण टाळायला निमित्त शोधत असतो आणि नेमका ताप येतो, तसं. मी म्हणाले, 'काका, खोटं लिहिताना तुम्हाला कुणाची परवानगी लागली नव्हती.' त्यांनी उदबत्ती स्टँडमध्ये खोचली. मी पिशवी उचलली आणि ठाण्यात गेले.

ठाण्यातले साहेब तरुण होते, नीट बोलले, बसायला खुर्ची दिली. ते उर्मट असते तर बरं झालं असतं असं तिथेही वाटलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बाई, तुमच्या बाबतीत जे झालं त्यासाठीच तर हा हुकूम आहे. वाट्टेल तो उठतो आणि वाट्टेल ते लिहितो. उद्या कुणाचा जीव गेला तर जबाबदार कोण?' खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. कार्तिकातल्या त्या सकाळी हा माणूस ओलं फडकं घेऊन चौकात आला असता, काकांचा हात धरून 'हे कुणी सांगितलं तुम्हाला?' एवढं जरी त्याने विचारलं असतं, तरी माझ्या बापाचा कान शाबूत असता. मी विचारलं, 'मग त्या दिवशी कुठे होता तुम्ही?' ते म्हणाले, 'मी तेव्हा जतला नेमणुकीवर होतो.' मला हसू आलं. 'बरं, मला परवानगी द्या,' मी म्हणाले. त्यांनी मजकूर विचारला. मी सांगितला : माझ्या मेंढपाळ वडिलांना खोट्या अफवेवरून मारहाण झाली, त्यांच्या घोंगड्यात मूल नव्हतं, कोकरू होतं. साहेबांनी पेन्सिल टेबलावर दोनदा आपटली. 'मारहाण नको. त्याने भावना भडकतात. अफवा शब्द नको, म्हणजे कुणीतरी पसरवली असा आरोप होतो. मेंढपाळ नको, समाजाचा उल्लेख होतो. आणि सणाच्या तोंडावर मुलं पळवण्याचा विषयच नको, लोक पुन्हा घाबरतील.' मी विचारलं, मग राहिलं काय? ते मनापासून विचार करत म्हणाले, 'सर्व नागरिकांनी शांतता राखावी, असं लिहा. त्याला मी आत्ता सही देतो.'

परत येताना ऊन डोक्यावर आलं होतं आणि मला रस्ता दिसत नव्हता. पाय आपले चालत होते. हे काय आहे? ज्याला लिहायची मोकळीक होती त्याने माझ्या बापाला चोर लिहिलं. ज्याच्याकडे थांबवायची ताकद होती तो तेव्हा जतला होता, आणि आता आला तो माझं तोंड धरायला. काकांना मोकळं सोडावं? सोडलं होतं की. सरकारने आवरावं? आवरलं की. दोघांच्या मधे आबा उभे आहेत, घोंगड्याचं टोक धरून, आणि कुणीही घोंगडं उघडून बघायला तयार नाही. भिंतीवर काय असावं यावर सगळ्यांना मत आहे, मंडळाला, ठाण्याला, माझ्या नणंदेला. आत काय होतं हे कुणी विचारत नाही. शांतता राखावी! आम्ही राखलीच आहे शांतता. माझ्या आबांनी तर इतकी राखली की मार खाताना आवाजसुद्धा चढवला नाही, कोकरू बिथरेल म्हणून. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, अगदी साध्या सुरात, जणू असंच करायचं असतं. मला तेव्हाही राग आला होता, त्यांच्याही शांततेचा. ओरडला का नाहीस रे बाबा? ओरडायचं होतंस.

चौकात आले तर फलक तसाच. पावसाळी दमट हवेत रंग वाळला नव्हता. पिशवीत बालवाडीचे खडू होते. मी एक काढला आणि लिहायला गेले, तर खडू ओल्या रंगावरून नुसता घसरला, काळ्यात माखला आणि मोडला. दुसरा घेतला, तोही तसाच. चहावाल्याने मान वर केली. मी वेडी दिसत असणार. मग माझ्या हाताला बालवाडीची किल्ली लागली. तिचं टोक मी रंगात दाबलं आणि ओढलं. रंग दोन्ही बाजूंना सरला आणि खालून जुना करडा फलक दिसला, काकांच्या खडूने वर्षानुवर्षे घासलेला. मी दात आवळून लिहायला लागले. माझं अक्षर काकांसारखं नाही. बालवाडीच्या पोरांना गिरवायला काढून देते तसं, मोठं, गोल, सुटं सुटं. 'आटपाडीच्या भाऊसोंच्या घोंगड्यात कोकरू होतं. पोर नव्हतं. त्यांना या चौकात मारलं.' मारलं लिहिताना किल्ली सिमेंटवर कर्रकन वाजली. काका दुकानातून धावत आले. 'अंजना, अगं काय करतेस! परवानगी आहे का? पुसून टाक, पुसून टाक आधी!' त्यांनी उदबत्तीच्या स्टँडखालचं फडकं आणून फलकाला लावलं. फडकं काळं झालं, त्यांचा हात मनगटापर्यंत काळा झाला, अक्षरं तिथेच राहिली. खडूने लिहिलेलं असतं तर पुसलं गेलं असतं. ते हाताकडे बघत उभे राहिले. मग कुणीतरी म्हणालं की ठाण्यात कळवायला पाहिजे, आणि एकजण सायकल काढून गेलाही. माझ्या बापासाठी वर्षभरात एक सायकल हलली नव्हती.

माणसं जमली. तीच असणार, निदान काही तरी. आज कुणी मागे उभं राहत नव्हतं, सगळ्यांना पुढून वाचायचं होतं. गर्दीतून साळूबाई आल्या, डोक्यावर भाजीची पाटी. आमच्या गल्लीतल्याच. त्यांची नात माझ्या बालवाडीत आहे आणि सकाळ-संध्याकाळ त्यांचं माझ्या दारावरून जाणं-येणं असतं. त्यांना वाचता येत नाही. 'आवं बाई, काय लिवलंय एवढं?' त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. साळूबाईंनी पाटी उतरवून खाली ठेवली. 'म्हंजी पोरगं न्हवतंच व्हय? म्या तर आजवर समजत हुते, लोकांनी पोर सोडवलं म्हनून. आनि ते तुमचं वडील?'

'माझे वडील.'

'मग त्ये कोकरू? त्येचं काय झालं?'

'माझ्या दारात बांधलेली मेंढी आहे ना, साळूबाई, जिला तुम्ही रोज जाताना शिळी भाकरी घालता? तीच ती.'

साळूबाईंचा पदर तोंडाशी गेला. मग त्या फलकाकडे वळल्या, वाचता येत नसूनही अक्षरांवरून डोळे फिरवले, आणि गर्दीकडे तोंड करून, जरा रागानेच म्हणाल्या, 'आवं, पन आमास्नी कुनी सांगितलंच न्हाई की.'